शनिवारच्या लॉटमधलं तिसरं पाकीट

मंगळवार, बारा ऑगस्ट, सकाळी पावणेनऊ. हजर: डॉक्टर मॅडम, मावशी आणि मी. पहिली अपॉइंटमेंट साडेनऊची, त्यामुळे पेशंट कुणी नव्हतं.

गंगापूर रोडवरच्या या दातांच्या दवाखान्यात मी पंधरा वर्षं आहे. अपॉइंटमेंट, केसपेपर, सामान, खुर्चीजवळची मदत हे सगळं माझ्याकडे. मावशी पेठ तालुक्याकडच्या. वापरलेली इन्स्ट्रुमेंट्स घासायची, धुवायची, कोरडी करून कागदी पाकिटात बंद करायची, हे त्यांचं काम. मग ती पाकिटं वाफेच्या मशीनमध्ये जातात. प्रत्येक पाकिटावर छोटा गुलाबी बाण छापलेला असतो. पुरेशी गरम वाफ पुरेसा वेळ लागली की तो तपकिरी होतो. गुलाबी राहिला तर पाकीट वापरायचं नाही.

त्या सकाळी मावशी ड्रॉवर पुसत होत्या. दोन पाकिटं हातात धरून त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"ताई, हे बाण येगळेच दिसतात. लय फिके हायत."

मी चष्मा लावला. दोन्ही बाण गुलाबी होते. पाकिटांवर माझ्याच अक्षरात शनिवारची तारीख आणि लॉट नंबर.

मी वही उघडली. शनिवार, लॉट दुसरा: तापमान बरोबर, दाब बरोबर, वेळ बरोबर, शेजारी खूण आणि माझी सही. वही काही चूक दाखवत नव्हती, म्हणून मी मावशींवरच घसरले.

"शनिवारी मशीन पूर्ण चाललं होतं ना?"

"मधी लाइट गेली व्हती. आली तवा मशीन टूं टूं करत व्हतं. ते तर रोजच करतं, झाल्यावर. मी बटण दाबलं, गार होऊ दिलं, पाकिटं काढली."

"लाइट गेली होती तर काढलीत कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमची खूण व्हती ना वहीत. तुम्हीच सांगितलं, खूण असली की काढायचं."

हे मीच सांगितलं होतं. मावशींना वाचायला जड जातं, म्हणून ही सोय मी काढली आणि तिचा मला अभिमानही होता. शनिवारी आमचा दवाखाना अर्धा दिवस असतो. दीड वाजता मी मशीन भरलं, बटण दाबलं आणि उभ्याउभ्या वहीतले सगळे रकाने भरून टाकले. एकही रकाना रिकामा ठेवून घरी जायला मला आवडत नाही. मशीन आजवर कधी अडलं नव्हतं. असं मी किती शनिवार केलं असेल ते आठवायला लागले आणि थांबले.

मॅडम आतून आल्या. त्यांनी दोन्ही पाकिटं फाडली. आत ठेवलेल्या तपासणीच्या पट्ट्यांचाही रंग बदलला नव्हता.

"लॉटमध्ये पाकिटं किती होती?"

"तीन."

"तिसरं?"

ते केसपेपरवर सापडलं. पाकीट उघडलं की त्याचा नंबर आम्ही केसपेपरवर लिहितो. सोमवार, दुपारी बारा. नामपूरचे आबा, वय सत्तरच्या घरात, मधुमेह, खालची दाढ काढली. ती फोर्सेप, म्हणजे दात काढायचा चिमटा, तिसऱ्या पाकिटातली. पाकीट मीच फाडलं होतं, मीच मॅडमच्या हातात फोर्सेप दिली होती. बाण पाहिला का? आठवत नव्हतं. फाडलेलं पाकीट कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं होतं आणि ती पिशवी गाडीवाले साडेआठलाच घेऊन गेले होते. तरी मी मागे जाऊन रिकामा डबा उघडून पाहिला. मग हात धुतले. मग पुन्हा जाऊन पाहिला.

शनिवारी सकाळी त्याच फोर्सेपने आणखी एकाचा दात काढला होता. रक्तातून पसरणारे आजार म्हणजे काही प्रकारची कावीळ, एचआयव्ही. मॅडम म्हणाल्या, "धुतलेली होती, थोडी वाफ लागली असेल, धोका कमी आहे. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. आबांना आजच सांगायचं. मी फोन करते."

"सही माझी आहे, मॅडम. मी करते."

फोन आबांच्या सुनेने उचलला. "कोन बोली राहिनं? आबा मार्केटमा गयेल शेतस. कांदाना लिलाव शे." गाल सुजला का विचारलं. नाही म्हणाली, रात्री भाकरीही खाल्ली.

तासाभराने आबांचाच फोन आला. मागे लिलावाचा आरडाओरडा चालू होता.

"काय ताई, चुकीना दात काढा का काय?"

"दात बरोबरच काढला, आबा." आणि मी सगळं सांगितलं: लाइट, मशीन, पाकीट, वही. रक्त आत्ता एकदा तपासायचं, मग काही आठवड्यांनी पुन्हा, मग काही महिन्यांनी.

मागचा आरडाओरडा कमी झाला, आबा बाजूला आले असावेत. "म्हंजे मशीन बंद व्हतं अन् तुमी आधीच सही करी टाकी?"

"हो. मीच."

"आमना मार्केटमा अशी सही करी ते लोके मारतस."

"खरंय, आबा."

"मना आधी कोन व्हता?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मंग माले झोप कशी येई?"

उद्या या, गाडी पाठवू का, असलं काहीतरी मी बोलत राहिले.

बुधवारी ते सुनेला घेऊन एसटीने आले. मॅडमनी त्यांना आत बसवून स्वतः सगळं सांगितलं, माफी मागितली, रक्त पाठवलं, काविळीची लस दिली. गुरुवारी रिपोर्ट चांगला आला. मी तो घाईघाईने फोनवर वाचून दाखवला. सून आनंदली, पण आबा नीट ऐकत होते. "हाऊ रिपोर्ट सोमवारना आधीनाच ना?" त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आत्ताचं रक्त आधीचंच सांगतं. सोमवारी काही शिरलं का, हे कळायला आठवडे जायला हवेत.

लवकर कळण्याचा एकच मार्ग होता. शनिवारच्या त्या पेशंटचं रक्त स्वच्छ निघालं, तर आबांची बरीचशी काळजी तिथेच मिटते. तो द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला. मी बुधवारीच त्याला फोन केला होता. कागदावर मुद्दे लिहून घेतले होते आणि ते एकामागून एक वाचले.

"माझ्यात काय खोट दिसली तुम्हाला?" तो म्हणाला. "चूक तुमची आणि सुई मला?"

"तसं नाही, दादा..."

फोन बंद.

मॅडम म्हणाल्या, "नकार द्यायचा त्यांना हक्क आहे. पण तुम्ही विचारलंत की यादी वाचलीत?"

मी यादी वाचली होती. म्हणून समोर जाऊन विचारायचं ठरवलं. शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, त्याचं ऑफिस बंद. शनिवारी दुपारी रिक्षाने द्वारकेला गेले. चौकातून रस्ता ओलांडायलाच दहा मिनिटं लागली. आत कळलं की तो गाडीबरोबर मालेगावला गेलाय. "काय काम होतं?" टेबलाशी बसलेल्या माणसाने विचारलं. सांगण्यासारखं नव्हतं. "दातांच्या दवाखान्यातून आले होते," एवढंच म्हटलं, आणि बाहेर आल्यावर वाटलं, तेवढंसुद्धा बोलायला नको होतं.

त्या दुपारी दवाखान्यात परत येऊन मी मशीनसमोर स्टूल टाकून पूर्ण वेळ बसले. मावशी म्हणाल्या, "ताई, जा घरी. आता मी तुमची खूण नाय बघणार, बाण बघणार." तरी मी उठले नाही. बाण तपकिरी झालेले पाहिले, तेव्हा सही केली.

आज रविवार. सकाळपासून आबांचा दोनदा फोन आला. दाढेची जागा भरतेय का, एवढंच विचारायला, असं ते म्हणाले. दोन्ही वेळा ठेवण्याआधी म्हणाले, "बाकी काही कळनं का?" दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.

उद्या, सोमवारी सकाळी नऊला पुन्हा द्वारका. तो भेटला तर आधी काय म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही.