मामाने पाणी प्यायचं नसतं

पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावात कुठल्याही घरी भाईदासभाऊंना चहा विचारा, ते नाही म्हणत नाहीत. शुगर वाढली आहे, डॉक्टरांनी दोनदा बजावलं आहे, मुलीने रिपोर्टाचा कागद आरशाच्या कडेला खोचून ठेवला आहे. रोज दाढी करताना तो दिसतोच.

"पप्पा, आज किती?" संध्याकाळी डिंपल विचारते.

"दोन."

"भिकुबाईंकडे एक. भटूकाकांकडे एक. शालिग्रामकाकांच्या दुकानात दोन. डेअरीवर दोन."

"अर्धे अर्धे होते. म्हणजे तीन झाले."

दूध मात्र ते पीत नाहीत, आणि ही मोठीच गंमत आहे, कारण ते दूध डेअरीचे सेक्रेटरी आहेत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ फॅट काढायच्या मशीनसमोर बसतात. प्यायचा विषय निघाला की म्हणतात, "वास जमत नाही." दोनशे लिटर दुधात बसणारा माणूस.

डेअरीवर किटल्या घेऊन रांग लागली की शालिग्रामकाका मोबाईलवरची बातमी मोठ्याने वाचतात. गेल्या श्रावणात एका लांबच्या देशातली यादवी त्यांनी लावून धरली होती. तिथे एकाच देशाची माणसं एकमेकांची गावं जाळत होती, आणि बाहेरून फौजा पाठवाव्यात की नाही यावर जगभर खल चालला होता.

"पाठवायलाच पाहिजे," शालिग्रामकाका म्हणाले. "शेजारचं घर पेटलं तर आपण बघत बसतो का?"

"आपला गावना बांध मिटस नही," भटूकाका म्हणाले, "आणि हाऊ चालना जगना भांडण सोडाले."

"तू गप. भाऊ, तुम्ही तठे जाई येल शेतस. तुम्ही सांगा."

भाऊ खरंच जाऊन आले आहेत. बारा-तेरा वर्षांपूर्वी, आफ्रिकेत, शांतिसेनेची निळी टोपी घालून. देशाचं नाव ते घेत नाहीत, नुसतं 'तठे' म्हणतात. सगळी रांग त्यांच्याकडे बघू लागली. भाऊंनी मशीनचा आकडा पाहिला.

"सहा पॉइंट आठ," ते म्हणाले. "पुढे कोण शे?"

असं ते दर वेळी करायचे. पण त्याच आठवड्यात प्रश्न घरात आला. जळगावच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय: 'दूरदेशीच्या यादवीत बाहेरच्या राष्ट्रांनी फौज पाठवावी.' डिंपलच्या चिठ्ठीत अनुकूल बाजू आली. भाषण बसवायला मी, तिची मैत्रीण, त्यांच्या ओसरीवर जायचे. तिचं पहिलं वाक्यच असं होतं की सभागृह जिंकलं असतं: "माझे वडील निळी टोपी घालून तिथे गेले, आणि त्यांनी शेकडो जीव वाचवले."

भाऊ दारात चपला काढत होते. एक चप्पल पायातच राहिली.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"आजीनं. खोटं आहे का?"

"खोटं नाही. अर्धं आहे."

"मग अख्खं सांगा. शनिवारी माझी स्पर्धा आहे. तुम्ही दर वेळी फॅटचा आकडा सांगता, माझ्याकडे तर म्हैस पण नाही."

भाऊ हसले, मग हसू थांबलं. खांबाला टेकून खाली बसले आणि भलतीकडूनच सुरुवात केली.

"माझे वडील आणि काका वेगळे निघाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आपल्यात वाटणीला मामा लागतो, माहितीये ना? वडिलांचा मामा आला, तिकडून, दोंडाईच्याकडून. तीन दिवस होता. सोबत स्वतःची भाकर, स्वतःची कळशी. आमच्या घरचं पाणी प्याला नाही, काकाच्या घरचंही नाही. मी त्याला विचारलं, मामा, तहान नाही लागत? तो म्हणाला, वाटणी होईपर्यंत मामाने पाणी प्यायचं नसतं. ज्याचं पाणी प्यालो त्याचा होऊन जाईन. विहीर वाटली, बैल वाटले, शेवटी पाटा-वरवंटा सुद्धा वाटला. कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, माणूस असावा तर असा."

"आणि तिकडे?"

"तठे दोन जमाती. पाणवठ्यावरून भांडण. साहेबांनी मला समेट करायला पाठवलं, सोबत दुभाष्या. दोन्हीकडचे म्हातारे बसले. त्यातला एक, काठीसारखा उंच, उठला आणि माझ्यापुढे दूध धरलं. वाळवलेल्या भोपळ्याचं भांडं होतं. त्या वर्षी तिकडे गुरं मरत होती, डिंपल. ते दूध त्याने कुठून आणलं असेल."

"तुम्ही प्यालात?"

"मी मामा होतो ना." भाऊंनी छातीवर हात ठेवला, मान हलवली. "असं केलं. म्हटलं, मी कोणाचाच नाही, हे त्याला कळेल. दुभाष्याचा चेहरा पडला. म्हाताऱ्याने भांडं मागे घेतलं, शेजारी बसलेल्या नातीला पाजलं, आणि निघून गेला. त्यांच्यात दूध नाकारतो तो वैरी. हे मला परत येताना गाडीत कळलं."

भाऊंनी पायात राहिलेली चप्पल काढून बाजूला ठेवली.

"बारा दिवसांनी गोळीबार सुरू झाला. साहेबांनी कॅम्पचं फाटक सताड उघडलं. दुसऱ्या बाजूची माणसं आली, चारशे तरी. मी स्वतः पोरं उचलून आत घेतली. ती वाचली, ते खरं आहे. म्हाताऱ्याची माणसं आली नाहीत. नदीच्या दलदलीत शिरली. आम्ही चार दिवसांनी तिथे गेलो." तिथे काय दिसलं, तेवढं भाऊंनी सांगितलंच नाही. "साहेब म्हणाले, त्यांचा रस्ता अडवला होता. असेल. दुभाष्या म्हणाला, जे आपलं दूध पीत नाहीत ते दार कशाला उघडतील, असं ती माणसं बोलत होती. तेही असेल."

"पप्पा, मग जायला पाहिजे होतं की नव्हतं?"

"तेच मला विचारू नको. चारशे माणसांना विचार, ती एक सांगतील. म्हाताऱ्याला विचारता येत नाही."

"मी हे सांगू स्पर्धेत?"

भाऊ खांब धरून उठले. "सांग नाहीतर नको सांगू. पण अर्धं सांगू नको. ना हे अर्धं, ना ते."

"अर्धं नाही सांगणार," डिंपल म्हणाली.

शनिवारी आम्ही तिघं धुळे-जळगाव एसटीने गेलो. भाऊ शेवटच्या रांगेत बसले, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर हात. डिंपलने पहिलं वाक्य बदललं होतं. वडिलांचं नावच काढलं नाही, फक्त कारणं मांडली, आणि भाषण बरं झालं, नुसतं बरं.

मग प्रतिकूल बाजूचा भूपेंद्र नावाचा मुलगा उठला. आवाज छान, चेहऱ्यावर जिंकल्याची कळा. तो म्हणाला, "ज्यांना तिथली भाषा येत नाही, तिथली चालरीत माहीत नाही, ते दुसऱ्याच्या घरातलं भांडण काय मिटवणार?"

टाळ्या पडल्या. मी मागे वळून पाहिलं. भाऊ मान खाली घालून स्वतःचे हात बघत होते.

उत्तराला डिंपलकडे दोन मिनिटं होती. ती माईकपाशी आली आणि कागद तिने टेबलावर पालथा ठेवला.

"भूपेंद्र बरोबर बोलतोय," ती म्हणाली. "माझ्या वडिलांना तिथली चालरीत माहीत नव्हती."

मग तिने मामा सांगितला, दूध सांगितलं, नात सांगितली. दलदल सांगितली. आणि नेमकी तिथेच घंटा वाजली.

अनुकूल बाजूने बोलणारी मुलगी प्रतिकूल बाजूचा सगळ्यात भारी पुरावा देऊन थांबणार होती. परीक्षकांनी हाताने बसायची खूण केली.

"सर, गुण कापा," डिंपल म्हणाली, "पण मला अर्ध्यात थांबता येणार नाही. मी शब्द दिलाय." आणि तिने फाटक सांगितलं. चारशे माणसं, उचलून आत घेतलेली पोरं. तिसरी घंटा वाजेपर्यंत ती बोलली, आणि शेवटी कुठलंही तात्पर्य न काढता खाली बसली.

पहिला नंबर भूपेंद्रचा आला. डिंपलचा कुठलाच नाही. परीक्षक म्हणाले, आपण नेमकं कोणत्या बाजूने बोललात हे स्पष्ट झालं नाही. परतीच्या एसटीने एरंडोल सोडलं. मग भाऊ म्हणाले, "पोरं उचलून घेतली म्हणालीस. दोनच होती गं माझ्या हातात. बाकीच्यांना इतरांनी घेतलं."

"मग हेही सांगायला हवं होतं."

"वेळ कुठे होता तुला."

गावात उतरलो. वाटेवर शेजारच्या म्हाताऱ्या भिकुबाई दारातच बसल्या होत्या. "काय व्हयनं वं डिंपल? जिंकनी का?"

"हारली," भाऊ म्हणाले. ते असं म्हणाले की भिकुबाईंना नीट कळलं नाही, वाईट वाटून घ्यावं की नाही.

"बैस भाईदास. चहा टाकस."

भाऊंनी डिंपलकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अट घातली. "बिनसाखरेचा देशील का?"

"बिनसाखरना चहा मना घरमा व्हस नही," भिकुबाई म्हणाल्या. "त्यानापेक्षा दूध पे."

डिंपल पुढे झाली. "आजी, पप्पा दूध..."

पण भिकुबाई आत गेल्याही होत्या. स्टीलचा पेला घेऊन आल्या, कोमट, वर पातळ साय. भाऊ पेला हातात घेऊन ओट्यावर बसले. भिकुबाई समोर उभ्या राहिल्या, पाहुणा पिईपर्यंत घरधनीण उभी राहते तशा.

"काय बघस? माशी शे का?"

"नाही," भाऊ म्हणाले, आणि पेला तोंडाला लावला.