घुबडामागची भेग

आपल्या ठशाला भेग गेली आहे हे पहिल्यांदा ध्यानात आल्यावर त्या कारागिराने घण खाली ठेवला असेल, की आणखी थोडी नाणी पाडून घेतली असतील? भिंगबुवांनी हा प्रश्न मला विचारला, तेव्हा प्राचीन इतिहास शिकवण्यात माझी तीन तपे उलटली होती; तरीही असा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

भिंगबुवा आमच्या वरच्या मजल्यावर राहत. धातूच्या बटणांच्या कारखान्यात अडतीस वर्षे त्यांनी पोलादी ठसे कोरले. उजव्या डोळ्याला सदैव लावलेल्या भिंगामुळे कामगारांनी हे नाव ठेवले, आणि खरे नाव दारावरच्या पाटीपुरते उरले. निवृत्तीच्या दिवशी लेकीने त्यांना अथेन्सचे एक चांदीचे नाणे दिले. ते सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे होते. एका बाजूस देवीचे मस्तक, दुसऱ्या बाजूस घुबड. कामानिमित्त फिरतीवर असताना तिने ते एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून घेतले होते. "बाबा, हेही ठशाचंच काम. तुमच्या आधीच्या कुणाचं तरी," ती म्हणाली.

कारखान्यात कोणताही नमुना चकचकीत केल्यावाचून साहेबांच्या टेबलावर जात नसे. त्याच सवयीने, नाणेसंग्राहक मंडळाच्या सभेला जाण्यापूर्वी, भिंगबुवांनी ते नाणे पॉलिश लावून घासले. शतकांची करडी झाक दहा मिनिटांत नाहीशी झाली. मंडळाचे कार्यवाह आधी हळहळले, मग त्यांची नजर संशयी झाली.

"अहो, हे नाणं आहे की चमचा? आणि घुबडामागे ही रेघ कसली? ओतीव नक्कल आहे ही. लेकीला कुणीतरी टोपी घातली."

स्वतःच्या चुकीपेक्षा त्यांना हे शेवटचे वाक्य लागले. लेक दर रविवारी फोनवर विचारी, "मंडळात काय म्हणाले?" आणि भिंगबुवा सांगत, "सभा पुढे ढकलली." तिसऱ्यांदा सभा ढकलली गेली, तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, किती ढकलाल? सांगून टाका ना पोरीला."

"खरं काय ते कळल्याशिवाय काय सांगू?"

मग लेकीच्या जुन्या संगणकावर ते रोज दुपारी दूरदूरच्या संग्रहालयांची नाणी पाहू लागले. पडद्यावर एकेक नाणे ताटाएवढे होई. प्रत्येक ठसा हाताने कोरलेला, त्यामुळे दोन ठशांची घुबडे कधी अगदी सारखी नसत. भिंगबुवा वहीत पिसांचे ठिपके मोजून मांडत.

"इतकी वर्षं बटणं, आता घुबडं," पत्नी म्हणे. "माणसांकडे कधी बघणार?"

"माणसं कुठे इतकी स्थिर बसतात?"

अकराव्या आठवड्यात त्यांनी मला वर बोलावले. पडद्यावर एका संग्रहालयाच्या नाण्यावर तेच घुबड होते. शेजारचे ऑलिव्हचे पानही तसेच वाकलेले. नोंदीत लिहिले होते : घुबडामागे ओरखडा.

"ओरखडा खोल असतो, सर. इथे सावली बघा. घुबडाच्या पोटाच्या ज्या बाजूला पडलीय, रेघेच्याही त्याच बाजूला. म्हणजे रेघ पोटासारखीच वर उचललेली आहे. ठशाला भेग गेली की धातू तिच्यात शिरतो आणि नाण्यावर उंचवटा उमटतो. बटणांवर हे किती वेळा बघितलंय मी!"

"पण मग तुमचं नाणं याचीच नक्कल नसेल कशावरून?" मी शंका काढली.

"नकलेत भेग तेवढीच राहिली असती. संग्रहालयाच्या नाण्यावरची पानापाशी थांबलीय, माझ्यावरची घुबडाच्या खांद्यापर्यंत गेलीय. घाव बसत गेले की भेग वाढते, पण ती ठशातच. ओतलेल्या नकलेत कशी वाढेल?"

आणि मग त्यांनी कारागिराच्या घणाचा तो प्रश्न विचारला.

संग्रहालयाला पाठवायच्या पत्राची भाषा माझी होती. वजन, मापे, छायाचित्रे आणि भेगेचे रेखाटन त्यांचे. नाणे घासल्याची कबुली मी वगळली होती. "तेही लिहा," ते म्हणाले. "स्वतःची चूक झाकून दुसऱ्याची कशी दाखवायची?"

सात आठवड्यांनी उत्तर आले. छायाचित्रे आणि वजन पाहता दोन्ही नाणी एकाच ठशाची दिसतात, आपले नंतर पाडलेले आहे, नक्कल मानण्यास कारण दिसत नाही. मात्र कृपया यापुढे ते घासू नये. भिंगबुवांनी रविवारची वाट पाहिली नाही. मंगळवारीच लेकीला फोन लावून पत्र वाचून दाखवले, आणि सभा कधीच ढकलली गेली नव्हती हेही सांगितले.

"म्हणजे बाबा, खरं आहे ते?"

"अगदी खरं. जरा जास्तच चमकतंय, तेवढं काम माझं."

त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर २०१६ साली 'ओरखडा' हा शब्द काढून 'ठशाची भेग' अशी दुरुस्ती करण्यात आली. २०२१ साली त्याच ठशाचे तिसरे नाणे तेथे दाखल झाले. त्यावरील भेग घुबडाच्या डोळ्यापर्यंत पोचलेली आहे.