पैजेच्या शेंगा

माकुणसार गावातल्या माझ्या भुईमुगावर त्या वर्षी टिक्का रोग पडला आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पानांवर पिवळ्या कडेचे काळपट ठिपके दिसले तसा मी बांधावरून शेजारच्या काकांना हाक मारली. बायको जाऊन दोन वर्षं, मुलगा परगावी. दिवसभरात माझ्याशी बोलणारे एवढे एकच काका, तेही भांडायला.

"बुरशीनाशक मारतोय," मी म्हटलं.

"मारा. मग शेंगेला चव कुटं रायली? औषधच खा."

गावच्या नाटकात मी एकदा राजा झालो होतो. त्याच थाटात पैज पुकारली: अर्धे वाफे फवारायचे, अर्धे तसेच ठेवायचे, शेवटी शेंगा उकडून चाखायच्या. हरेल त्यानं या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"कबूल हाय, राजे," काका म्हणाले.

झालं. रोज संध्याकाळी काका पानं तपासायला हजर. मी दोन कप चहा टाकायचो आणि टाकताना त्या नाटकातली पदं म्हणायचो. काका म्हणायचे, "चहा चालंल, गाणं नको."

काढणीच्या आठवड्यात ते लेकीकडे बोईसरला गेले. मी रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं देऊ लागलो.

झाडं मी एकट्यानंच उपटली. फवारलेली हिरवी होती, शेंगा भरलेल्या, दाणे टपोरे. न फवारलेल्यांची पानं कधीच गळून गेलेली. पोसणारं पानच नाही, तर दाणा सुरकुतणारच. देठही इतके कुजलेले, की निम्म्या शेंगा मातीतच राहिल्या. मी जिंकलो होतो. शेतात मधोमध उभं राहून मी दोन्ही हात उंच केले. बघायला कोणी नव्हतं. आणि मग पैजेची अट आठवली.

काका परतले त्या दिवशी मी दोन टोप चुलीवर चढवले. दोन्हींत फवारलेल्याच शेंगा.

"ही औषधाची, ही बिनऔषधाची," मी गंभीरपणे सांगितलं.

काकांनी दोन्हींतली एकेक फोडली. बिनऔषधाचा म्हणून दिलेला टपोरा दाणा बोटांत धरून बराच वेळ पाहिला. मग तो तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. साठ वर्षं शेती केलेला माणूस.

"चव हिलाच," ते म्हणाले. "पण एका सालात काय कळतं? तुमी हरला नाय, मी जिंकलो नाय. पुढल्या वर्षी परत लावू."

"लावू की," मी म्हटलं. माझा आवाज राजासारखा निघाला नाही.

काकांनी दुसरा टोप जवळ ओढला आणि मांडी नीट घालून बसले.