परदेशी सुनेची चौकशी

मतदानाच्या दिवशी बेंगळूरच्या बसवनगुडीतल्या त्या घरात सणासारखी गडबड असायची. सासरे मल्हारराव काळा कोट चढवून, जरीकाठी रुमाल डोक्याला बांधून भल्या सकाळी तयार होत. त्यांच्या मागे थोरला मुलगा सूर्यकांत, मग धाकटा, मग धाकटी सून, अशी वयाच्या क्रमाने रांग लागे आणि ती कोपऱ्यावरच्या शाळेकडे चालू पडे. निघताना मल्हारराव दारातून वळून न चुकता म्हणत, "सुखदा, घर सांभाळ."

थोरली सून सुखदा घर सांभाळी. मंडळी परत येईपर्यंत उपीट आणि कॉफी तयार ठेवी आणि प्रत्येकाच्या बोटावरची शाई बघे. तिला मत देता येत नव्हतं, कारण ती भारताची नागरिक नव्हती.

गल्लीत कुणाला हे सांगितलं असतं तर हसून मुरकुंडी वळली असती. सुखदा जन्मली टांझानियातल्या ताबोरा गावी. वडील तिथे रेल्वेत स्टेशनमास्तर. तो देश स्वतंत्र झाला तेव्हा नोकरी टिकावी म्हणून त्यांनी तिथलंच नागरिकत्व घेतलं, आणि लेकीच्या पासपोर्टवरही तेच आलं. एकाहत्तर साली ओळखीतून स्थळ आलं आणि ती बेंगळूरला सून होऊन आली. आली ती इथलीच होऊन गेली. महिन्याभरात भाजीवाल्याशी कानडीतून घासाघीस करू लागली. ओसरीवर मशीन मांडून साड्यांना फॉल-पिको करायला बसली, ती इतकी वर्षं उठली नाही. गल्लीतल्या कुठल्या बाईची कुठली साडी कुठल्या लग्नातली, हे त्या बाईपेक्षा तिला जास्त ठाऊक. आफ्रिका उरली होती ती दोनच ठिकाणी. निऱ्या मोजताना ती "मोजा, म्बिली, तातू" असं स्वाहिलीतलं एक-दोन-तीन पुटपुटे, आणि राजम्यात नारळाचं दूध घाली. राजमा सगळ्यांना आवडायचा, त्यामुळे त्यावर कुणी शंका काढली नाही.

नागरिकत्वाचा अर्ज तिने आधीच करायला हवा होता. पण मल्हाररावांपुढे तो विषय निघाला की ते उडवून लावत.

"अक्षता पडल्या, नाव बदललं, झाली की घरची. आणखी कागद कशाला? आपण शहाजीराजांबरोबर इथे आलो. आपल्याला कुणी कागद दिला होता?"

सुखदा दरवर्षी गुपचूप कचेरीत जाऊन मुक्कामाची मुदत वाढवून आणी.

एक्क्याण्णव सालच्या निवडणुकीत मात्र तिची लेक भव्या पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. आजोबांनी नातीसाठी खास रेशमी साडी आणली होती आणि तिला फॉल अर्थातच सुखदाने लावला. पोरगी त्या साडीत ऐटीत शाळेकडे गेली. सुखदा दारात उभी राहून बघत होती आणि तिला एकदम रडू आलं. लेक आपल्या पुढे गेली, आपण उंबऱ्यातच. त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "ऐका, मला त्या रांगेत चालायचंय. मामंजी चालताहेत तोवर." सूर्यकांत घड्याळाच्या कारखान्यात नोकरीला, अबोल माणूस. त्याने मान हलवली आणि त्याच आठवड्यात अर्ज नेऊन दिला. वडिलांशी वाद नको म्हणून त्यांच्या कानावर काही घातलं नाही.

अर्ज दिला आणि वाट बघणं सुरू झालं. पोलिसांनी चौकशी करून अहवाल द्यायचा, मग कागद दिल्लीला जायचे. सूर्यकांत अधूनमधून कचेरीत डोकावे आणि तिथला कारकून दर वेळी गोड हसून म्हणे, "अहवाल बरलिल्ला सार, अजून आला नाही. स्वल्प थांबा." त्या स्वल्पात वर्षं गेली. भव्याचं लग्न झालं. चौऱ्याण्णव साली पुन्हा मतदान आलं, आणि मल्हारराव हातात काठी घेऊन रांगेच्या पुढे निघाले. "सुखदा, घर सांभाळ" म्हणताना त्यांना दाराची चौकट धरावी लागली. सुखदा तशी सुखी बाई. वाट बघण्याचीही तिला सवय होऊन गेली होती. पण त्या दिवशी ती काठी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ती दारातून हलली नाही.

पुढच्या कार्तिकात शेंगांची जत्रा भरली, कडलेकाई परिशे. नंदीच्या देवळापासून रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग. सुखदा आणि शेजारच्या जमनाबाई पदरात शेंगा घेऊन पायऱ्यांवर सोलत बसल्या होत्या. बोलता बोलता जमनाबाई म्हणाल्या, "अक्का, तो मेला पोलीस पुन्हा आला होता. साध्या कपड्यातला."

"कुठला पोलीस?"

"गेल्या वर्षीही आला होता की. इथे कोण फॉरिनची बाई राहते, म्हणून विचारत होता. तुमच्यामागे काय ससेमिरा लागला कोण जाणे. मी सांगितलं, फॉरिन-बिरिन कुणी नाही, त्या इथल्याच, आनेकलच्या. माझ्या माहेरच्या."

सुखदाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुम्ही असं सांगितलंत?"

"मग काय, धरून देऊ तुम्हाला? नंतर तुमच्या घरी गेला तर मामंजींनी पिटाळला. चांगला फाटकापर्यंत पोचवला." जमनाबाई मोठ्या समाधानाने शेंगा सोलत होत्या.

सुखदाला आधी हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही एकदम. घरी येऊन तिने पदर झटकला आणि थेट मल्हाररावांपुढे उभी राहिली. सासऱ्यांना अशी ती उभ्या जन्मात सामोरी गेली नव्हती.

"मामंजी, पोलीस आला होता?"

"आला होता. हेमलता नावाची परदेशी बाई इथे राहते का म्हणाला. म्हटलं, आमच्या घरात परदेशी कुणी नाही. आणि हेमलता कोण?"

"मी," सुखदा म्हणाली. "मी हेमलता. सुखदा हे नाव तुम्ही ठेवलंत, लग्नात. पासपोर्टवर हेमलताच आहे."

तिने मग सगळं सांगितलं. अर्ज, कचेरी, भव्याची साडी. तुम्ही पुढे आणि मी घरात, हे मला आता नको, असंही सांगून टाकलं आणि रडली. म्हातारा बराच वेळ काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिला. "मी तर आपलंपणानंच बोललो होतो," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सूर्यकांतने चौकशी पुन्हा व्हावी म्हणून अर्ज दिला. आणि मल्हाररावांनी ओसरीवर, सुनेच्या मशीनशेजारी खुर्ची मांडली. रोज सकाळी कोट आणि रुमाल घालून ते पोलिसाची वाट बघत बसू लागले. फॉल-पिकोला आलेल्या बायका बुजायच्या, मग सवय झाली. ते रेशमाचा दोरा सुईत ओवून द्यायचा प्रयत्न करीत आणि तो काही ओवला जात नसे. सुखदाला वाटे, तो पोलीस आणखी थोडा उशिरा आला तरी चालेल.

तो आला तेव्हा उन्हाळा लागला होता. गुरुराज नावाचा पोक्त हवालदार, मागच्या वेळचाच. फाटकाशी तो जरा घुटमळला. मल्हाररावांनी त्याला बोलावलं, बसवलं, कॉफी मागवली. सुखदा दाराआड कपबश्या घेऊन उभी होती. जमनाबाई कुंपणाशी आल्या होत्या, त्या तर पढवल्यासारख्या सुरू झाल्या, "होय अण्णा, पक्क्या फॉरिनच्या. राजम्यात नारळाचं दूध घालतात." गुरुराजला हसू आवरेना.

मल्हाररावांनी हात वर करून जमनाबाईंना थांबवलं. काठी टेकून ते उभे राहिले.

"माझी सून," त्यांनी सुरुवात केली आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "माझी थोरली सून हेमलता. ती परदेशी आहे. या देशाची नाही, अजून. तुम्ही लिहून घ्या."

आजवर या घरात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. ते वाक्य म्हाताऱ्याला किती जड गेलं हे दाराआडून तिला कळलं, आणि आपल्याला याच्याइतकं माहेर दुसरं नाही असं तिला वाटलं. डोळे पुसून ती कॉफी घेऊन बाहेर आली.

"सरी, सरी, ठीक आहे," गुरुराज म्हणाला. "इतके फेरे मारले, अक्का, तुम्ही परदेशी आहात असं म्हणणारा एक माणूस मिळाला नाही या रस्त्यावर. अहवालात काय लिहू तेच कळेना." त्याने कॉफी संपवली आणि जाताना बायकोच्या साडीला फॉल लावायला किती दिवस लागतील तेही विचारून घेतलं.

त्यानंतरही कागद दिल्लीला जाऊन यायला वेळ लागलाच. जुना पासपोर्ट परत करताना सुखदाला वडिलांची आठवण झाली. शपथ घेतली, दाखला हातात आला, मतदारयादीत नाव लागलं.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत मल्हारराव कोट चढवून पुढे निघाले, आता एका हाताला काठी आणि दुसऱ्या हाताला नातू. मागे सूर्यकांत, धाकटा, आणि मग धाकट्या जावेच्या पुढे, थोरल्या सुनेच्या जागी, सुखदा. म्हाताऱ्याची चाल इतकी मंद की शाळा येता येईना. कुणाचीच हरकत नव्हती. मतदान केंद्रात अधिकाऱ्याने "हेमलता" असं नाव पुकारलं तेव्हा ती क्षणभर गोंधळली. पुढे जाऊन मत देऊन आलेले मल्हारराव दाराशी बाकावर बसले होते. तिथूनच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीच. आमची सुखदा."

ती मत देऊन आली. त्यांनी तिचं बोट हातात घेऊन शाई नीट वाळलीय का बघितलं. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे ते रांगेतल्या सगळ्यांकडे बघू लागले. एकेक करून सगळे मोजले.

"अगं, सगळे इथेच," ते म्हणाले. "मग घर कोण सांभाळतंय?"

सुखदाने पदराच्या गाठीतली किल्ली काढून दाखवली. "कुलूप लावलंय, मामंजी."

"बरं केलंस," मल्हारराव म्हणाले, आणि उठायला त्यांनी तिचा हात धरला.