वहिनींच्या मुठीतलं मुठेल

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओरोसला कार्यालयात महिनाअखेरीचा तक्ता जुळवत होते. फोनवर माझे यजमान होते. ‘वयनी गेली,’ एवढंच म्हणाले. मी ‘बरं’ म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या रकान्याची बेरीज पूर्ण केली. दोनदा तपासली. बरोबर होती. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं, की माझी मोठी जाऊ वारली, मला मालवणची बस पकडायची आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जेवणाचा डबा पिशवीत भरत होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही... येईल म्हणतात.

मालवणहून तारकर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा, एकच स्वयंपाकघर. मी नोकरीसाठी बाहेर. घर, नारळाची बाग आणि मागच्या पडवीतला उद्योग सुमनवहिनींचा. उद्योग म्हणजे उटणं, नारळाच्या दुधाचं कढवलेलं तेल, कोरफडीचा गर आणि मुठेल. मुठेल कोकमाच्या बियांचं. वैशाखात कोकमं फोडून सोलं वाळत घातली की बिया उरतात. त्या धुऊन सुकवायच्या, टरफल काढून आतला गर कुटायचा, भरपूर पाण्यात उकळायचा. वर तेल तरंगतं, सकाळपर्यंत गोठून त्याचा पांढुरका थर होतो. तो काढून पुन्हा पातळ करायचा, गाळायचा, आणि घट्ट व्हायला लागला की मुठीत दाबून गोळा वळायचा. प्रत्येक गोळ्यावर एका बाजूला चार बोटांच्या खोबणी उठतात. दुसरी बाजू तळहाताची, गुळगुळीत. फुटलेल्या टाचांवर, ओठांवर तेच चोळतात. आमच्याकडे दुसरं काही कधी आणलं गेलं नाही.

नवीन काहीही केलं की वहिनी ते आधी स्वतःच्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायच्या. मी कार्यालयातून आले की तो हात माझ्यासमोर धरायच्या, ‘मीना, बघ गो, लाल झालाहा काय?’ एकदा उटण्यात लिंबू जास्त पडलं, हाताला लावून तशाच उन्हात कपडे वाळत घालायला गेल्या, तर तिथे काळपट डाग उठला. तो शेवटपर्यंत पुरता गेला नाही. त्यानंतर त्यांनी लिंबू कायमचं बंद केलं आणि येणाऱ्या प्रत्येकीला तो डाग दाखवत, ‘आदी माझ्या हातार, मगे तुमच्या तोंडार.’ जामसंड्याची, माझ्या माहेरगावची, एक मुलगी लग्न ठरलं म्हणून आली होती. गोरं होण्यासाठी काहीतरी द्या म्हणाली. वहिनींनी तिच्याकडे नीट बघितलं. ‘गोरां करूचा माझ्याकडे नाय गो. मऊ करूचा आसा. होया तर ने.’ मुलगी हसली आणि उटणं घेऊन गेली.

मी आकड्यांत वाढलेली. माझ्याकडे स्वयंपाकघरातला छोटा काटा आहे. मी त्यावर मसाल्याची पाकिटंसुद्धा तपासते. वहिनींचे गोळे कधी साठ ग्रॅमचे, कधी ऐंशीच्या पुढे. एकाच ओळीत ठेवलेल्या वस्तूंत एवढा फरक मला बघवत नसे. ‘ह्यो घेणाऱ्यावर अन्याय,’ मी म्हणायचे. ‘ज्येची भेग मोठी, तेका मोठां देव्या,’ त्या म्हणायच्या. एका वर्षी तारकर्लीच्या एका लॉजवाल्याने खोल्यांत ठेवायला मुठेल मागितलं. मी बाजारातून फुलांच्या आकाराचे साचे आणले. वहिनी साच्यांकडे बघत राहिल्या. ‘फुलां कशाक गो? देवाक घालूची आसत काय?’ पण माझा हट्ट म्हणून ओतली. एकसारखी, नेमक्या वजनाची, पांढरी फुलं निघाली. मला फार समाधान वाटलं. दोन दिवसांत लॉजवाल्याचा फोन आला. एका पाहुण्याने बर्फी समजून फूल खाल्लं होतं आणि गोड का नाही म्हणून तक्रार केली होती. मी घाबरले. वहिनी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ‘खाल्ल्यान तर खाल्ल्यान! पोटात भेगो आसतीत तर भरतीत.’ दुसऱ्या दिवशी उरलेली फुलं त्यांनी पातेल्यात टाकून वितळवली आणि एकेक मुठीत वळली. साच्यांत मी आता सुटी नाणी ठेवते.

मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी फारसं विचारलं नाही. डायलिसिस सुरू झालं. सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रिया करून डाव्या हातावरची शीर तयार केली गेली. त्या हातावर भार द्यायचा नाही, घट्ट बांगडी घालायची नाही, असं सांगितलं होतं. ‘ह्यो हात आता डॉक्टरचो,’ त्या म्हणाल्या, ‘आता परीक्षा तुझ्या हातार.’ मग त्या वर्षी उटणं माझ्या हातावर लावून बघितलं गेलं. आजारात त्यांच्या अंगाला कोरडी खाज सुटायची. पाठीला, पायांना. सुटीच्या दिवशी मी मुठेल तळहातावर चोळून पातळ करायचे आणि त्यांच्या पाठीला लावायचे. खाज जायची नाही. थोडा वेळ कमी व्हायची, तेवढ्यात त्यांना डुलकी लागायची. एवढंच. याहून जास्त काही झालं असं मी लिहिणार नाही.

गेल्या वैशाखातही त्यांनी बिया सुकवल्या. कुटणं मी केलं, उकळणं मी केलं. वळायची वेळ आली तेव्हा त्या पाटावर बसल्या, उजव्या हातात गोळा घेतला आणि तशाच थांबल्या. बोटं सुजलेली होती. ‘मीना, मूठ मिटणा नाय गो,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘वयनी, मी वळतंय, तुमी सांगा.’ त्यांना ते चाललं नाही. ‘माझ्या हातार तुझो हात धर. जोरान. मी काय मोडूचंय नाय.’ मग मी त्यांच्या मुठीवर माझी मूठ धरली आणि दाबली. सगळे गोळे आम्ही असेच वळले. शेजारीपाजारी आणि डायलिसिसला बरोबर येणाऱ्या बायकांना त्यांनी ते वाटून टाकले. वजन करायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर पडवी आवरताना करवंटीत एक गोळा सापडला. चारही बोटं स्पष्ट. करंगळीची खोबण जरा उथळ. मी तो स्टीलच्या डब्यात घालून फडताळात, डाळींच्या मागे ठेवला. का ठेवला, याचा विचार केला नाही. थंडी सुरू झाली. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, बागेत अनवाणीच फिरतात. दर थंडीत त्यांच्या टाचा फुटतात आणि दर थंडीत वहिनी त्यांना ओरडत मुठेल लावायच्या. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. ‘मीना, मुठेल आसा मां गो घरात?’ मी ‘बघतंय’ म्हटलं आणि भाजी चिरत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दोन-तीन दिवसांनी फरशी पुसताना मला रक्ताचे पुसट ठिपके दिसले. पडवीपासून त्यांच्या खोलीपर्यंत.

नवं मुठेल वैशाखाशिवाय नाही. आणि तेव्हा होईल ते माझ्या मुठीतलं असेल. मुठेल हाताच्या उबेनेच पातळ व्हायला लागतं. चोळलं की खोबणी जाणार, हे मला ठाऊक होतं. मी डबा काढला आणि दादांच्या पुढे ठेवला. त्यांनी गोळा उचलला, उजेडाकडे धरला.

‘ह्यां तिचां?’

‘होय.’

‘एकच?’

‘एकच. लावा, दादा.’

त्यांनी गोळा फिरवला, तळहाताकडची गुळगुळीत बाजू वर केली आणि म्हणाले, ‘मागल्या अंगान लावतंय.’ मग फडक्याने कडेला धरून, बोटांच्या खोबणींना धक्का न लावता, हळूहळू टाचेवर चोळलं...

आता ते मुठेल पुन्हा पडवीत करवंटीत असतं. दादा रोज आंघोळीनंतर लावतात. टाचा भरत आल्या आहेत. मागच्या बाजूने गोळा झिजून सपाट झाला आहे. पुढची चार बोटं अजून आहेत. काटा शेजारच्या फळीवरच आहे. गोळ्याचं वजन मी केलेलं नाही.