मेहुण्याच्या नावाचा ब्राउझर

माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर दोन ब्राउझर आहेत. एकात सगळी कामं होत असताना दुसरा कशाला, असं कोणी विचारलं की मी सांगतो, एक अडकला तर दुसरा हाताशी असावा. हे खरं नाही. पहिला माझ्या नावासाठी होता, दुसरा मेहुण्याच्या नावासाठी. आणि त्या दुसऱ्यातूनच माझं अठरा वर्षांचं गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत गेलं.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मी कारखान्यांना हातमोजे, गमबूट, मास्क आणि मशीन पुसायच्या चिंध्या पुरवतो. सुरुवात सायकलवरून केली. घिवलीच्या अलीकडे आमचं गाव. तिथून बोईसरला यायचो, कॅरिअरला मोज्यांचं गाठोडं बांधून. आत सोडायला वॉचमन तयार नसायचा, मग आधी त्याच्याशी घासाघीस, नंतर स्टोअरवाल्याशी, नंतर खरेदी खात्यातल्या साहेबाशी. मला कोणी काही शिकवलं नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून तो अजून किती सोडेल ते मला कळतं, एवढंच माझं भांडवल. त्या भांडवलावर रंगांचा एक मोठा कारखाना धरला आणि निम्मं घर त्याच एका कारखान्यावर चालत आलं.

कागदाच्या काळात त्या कारखान्याला दर वर्षी तीन कोटेशनं लागत. नियमच होता. आता तीन वेगवेगळे व्यापारी कुठून आणायचे? साहेबच म्हणायचे, तीन तुम्हीच आणून द्या. हे आमच्या धंद्यात सगळे करतात आणि सगळ्यांना माहीत असतं. एक कोटेशन माझं. दुसरं मेहुण्याच्या नावाच्या फर्मचं, थोडं चढ्या भावाचं, बायकोच्या अक्षरात. तिसरं एका ओळखीच्याचं. मेहुणा आमच्याच तालुक्यातल्या माहीमला राहतो, त्यांची तिथे वाडी आहे, आणि नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात, मीटर आणि गेज सांभाळायची. फर्म त्याच्या नावावर मीच काढून दिली होती. दिवाळीला तो बहिणीकडे यायचा तेव्हा कोऱ्या लेटरहेडचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवायचो. तो सह्या करायचा, मी पेढ्यांचा डबा द्यायचो.

एकदा सह्या करता करता तो म्हणाला, "भावोजी, वर्षाला काय तरी ठरवा ना. रिटर्न भरायला मलाच धावायला लागतं. नोटीस आली तर ती पन माझ्याच दारात."

"शून्याचं रिटर्न भरायला कसली रे धावपळ?" मी म्हणालो. "नाव तेवढं तुझं आहे. घाम माझा आहे."

तो हसला आणि उरलेल्या सह्या केल्या. तो विषय मी तिथेच मिटवला असं मला वाटलं. चांगला सौदा केला असंही वाटलं होतं.

कॉम्प्युटर मी एका बंद झालेल्या कंपनीच्या ऑफिसातून उचलला. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात आणला आणि घरी येईपर्यंत खूश होतो. चालू केल्यावर कळलं की त्यांनी तो निम्म्यात का सोडला. बटण दाबावं, चहा टाकावा, चहा उकळून गाळून प्यावा, तेव्हा कुठे पडदा कामाला लागायचा. त्यात मी शहाणपणा केला. ‘कॉम्प्युटर वेगवान करा, मोफत’ अशी पाटी दिसली म्हणून एक प्रोग्राम उतरवला. त्याने आणखी दोन आणले. ब्राउझरच्या डोक्यावर पट्ट्यांवर पट्ट्या चढल्या आणि खाली मला दिसायला चार बोटांची जागा उरली. आयुष्यभर लोकांना फुकटाचं आमिष दाखवून माल खपवला आणि स्वतः एका पाटीला फसलो. तो राग मी कोणाला सांगू शकलो नाही.

मग एकेक शिकत गेलो. सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम बंद करायचे. ब्राउझरमध्ये वीस पानं उघडी ठेवायची नाहीत, कारण प्रत्येक पान मेमरी खात बसतं. जुनी डिस्क काढून नवी, आत फिरती चकती नसलेली टाकायची. ती मी बोईसरच्या दुकानदाराकडून चार फेऱ्या मारून घेतली. चौथ्या फेरीला तो म्हणाला, "घेऊन जा शेठ, पण परत येऊ नका." आमच्याकडे एक बाजू समुद्राची, दुसरी कारखान्यांची. त्या हवेने आतल्या पट्ट्यांच्या टोकांवर काळसर थर चढतो आणि मशीन मध्येच दगा देतं. ती मेमरीची पट्टी काढून टोकं खोडरबराने घासली की पुन्हा चालतं. हे मला मेहुण्याने दाखवलं. दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी तो यायचा, बोंबलाचं कालवण-भात जेवायचा आणि माझं मशीन उघडून साफ करायचा. बोईसरचा मेकॅनिक नुसता हात लावायचे पैसे घेतो. मेहुणा जेवणावर करायचा.

मग कारखान्यात नवा साहेब आला आणि सगळं पोर्टलवर गेलं. कोटेशन बंद, ऑनलाइन उलटा लिलाव सुरू. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून भाव टाकायचा. पडद्यावर सर्वांत कमी भाव दिसतो आणि आपला क्रमांक दिसतो. समोर कोण आहे ते दिसत नाही. शेवटच्या तीन मिनिटांत कोणी भाव उतरवला की घड्याळ पुन्हा तीन मिनिटांवर येतं. सगळे गप्प झाले की लिलाव संपला आणि खालचा जिंकला.

मी साहेबाच्या टेबलापुढे बसून म्हणालो, इतक्या वर्षांचा संबंध आहे. त्यांनी मॉनिटरवरून नजरही काढली नाही. "सेठ, अब मेरे हाथ में कुछ नहीं है. जो करना है स्क्रीन पे करो. और तीन पार्टी चाहिए, नहीं तो ऑक्शन कैन्सल."

म्हणजे तिनाचा नियम तसाच होता, फक्त माझी घासाघीस गेली होती. तिघांतला एक वापीचा कोणी होता. दुसरा मी. तिसरा म्हणून मी मेहुण्याच्या फर्मची नोंदणी केली, पासवर्डही मीच ठरवला. पण एका ब्राउझरमध्ये दोन नावं एका वेळी चालत नव्हती. त्याच्या नावाने आत शिरलो की माझं नाव बाहेर पडायचं. म्हणून दुसरा ब्राउझर घेतला. बरेच दिवस दोन्ही तपासले. एक हलका होता पण पोर्टलवरचं घड्याळ त्यात अडखळायचं. दुसऱ्यात घड्याळ नीट चालायचं. घड्याळ नीट चालणारा माझ्या नावाला ठेवला, अडखळणारा मेहुण्याच्या.

त्या रविवारी मेहुणा आला, मशीन उघडलं, रबर फिरवलं, धूळ झाडली. नंतर म्हणाला, "या दुसऱ्यात जाहिराती लय येतात. थांबा, माझ्याकडे एक हाय ते टाकतो." त्याने त्याच्या नावाला ठेवलेल्या त्या ब्राउझरमध्ये स्वतःचं खातं उघडलं आणि त्यातून जाहिराती अडवणारी काही वस्तू आणली. पान एकदम स्वच्छ दिसायला लागलं. मग तो खातं बंद करायला लागला.

मी विचारलं, "बंद केलंस की जाहिराती परत येतील का?"

"येतील कदाचित. तुमचं खातं काढून देतो ना, त्यात टाकू."

"कशाला उगाच नवीन व्याप? राहू दे तुझंच. फुकट आहे ना?"

"फुकट हाय. पन..."

"मग राहू दे."

ते ‘पन’ मी पुरं होऊ दिलं नाही. पुढच्या आठवड्यात मेहुण्याच्या नावाने पोर्टल उघडलं तेव्हा ब्राउझरने विचारलं, पासवर्ड जपून ठेवू का? मी हो म्हटलं. तो कोणाच्या खात्यात जपला जाणार, तिथून कोणाच्या फोनवर जाणार, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

लिलाव सकाळी अकराला होता. मी साडेदहापासून आंघोळ करून बसलो. दोन्ही ब्राउझर शेजारी शेजारी लावले, बाकी सगळं बंद केलं. मेहुण्याच्या नावाने सुरुवातीलाच एक चढा भाव टाकला. त्याचं काम तेवढंच होतं. मग माझ्या नावाने उतरायला सुरुवात केली. वापीवाला थोडा वेळ झुंजला आणि थांबला. भाव माझा, क्रमांक पहिला, घड्याळात दोन मिनिटं. मी खुर्चीला पाठ टेकली.

तेवढ्यात भाव खाली आला आणि माझा क्रमांक दुसरा झाला. मी आणखी उतरलो. पुन्हा कोणीतरी उतरलं, अगदी थोडंसं, नेमकं मला टोचेल इतकंच. आता मी ज्याच्या खाली जायचं नाही असं ठरवलं होतं त्या भावाला पोचलो होतो. शिव्या देत सहज डावीकडे बघितलं. मेहुण्याच्या ब्राउझरमध्ये लिहिलं होतं, आपला क्रमांक: पहिला.

मी त्या खिडकीला हात लावला नव्हता. मला वाटलं पान अडकलंय. ताजं केलं. तरी पहिला.

बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली, दोन्ही खिडक्या बघितल्या आणि भावाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तू बसलायस काय रे त्या लिलावात?"

"हाय ताई."

मी ओरडलो, "माझा पासवर्ड चोरलास तू."

"चोरला नाय, भावोजी. तुमीच ठेवला माझ्या खात्यात. मी बंद करत होतो, तुमी नको म्हणालात." त्याचा आवाज एवढासाही चढला नव्हता. "आन फर्म कोनाची हाय? कागद काढून बघा."

"माल कुठून आणणार आहेस? तुला मोज्याचं एक टोक कळत नाही."

"शिकेन. तुमी सायकलवर शिकलात, मी मोटारसायकलवर शिकेन."

मी फोन ढकलला आणि ठरवलेल्या भावाच्या खाली उतरलो. तो उतरला. मी पुन्हा उतरलो. त्याला पगार होता, वाडी होती, मोठं घर होतं, तो उतरत राहू शकत होता. मला फक्त राग होता. पुढचा आकडा मी टाइप केला होता. बायकोने वाकून टेबलाखाली यूपीएसचं बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला.

"अजून खाली गेलात तर जिंकून घर विकाल," ती म्हणाली.

"तुझा भाऊ आहे म्हणून केलंस."

"माझा भाऊ हाय. आन तुमी माझे नवरा हाय. दोघं एकमेकाला खड्ड्यात घालताना मी काय भाकऱ्या थापत बसू?"

आजपर्यंत मी सगळ्यांना हेच सांगत आलो. लिलाव माझ्या हातात होता आणि बायकोने मशीन बंद केलं. बोईसरच्या बाजारात सांगितलं, गावात सांगितलं, तिच्या आईसमोर सांगितलं. ऐकणारे मान हलवतात.

पण मशीन मी वेगवान केलं होतं. नवी डिस्क घातली होती, फालतू प्रोग्राम काढले होते. पूर्वीचा चहा उकळेपर्यंतचा वेळ आता पन्नास सेकंदांवर आला होता. पडदा काळा झाला तेव्हा लिलावाच्या घड्याळात अडीच मिनिटं होती. आणि हे बायकोलाही माहीत होतं, कारण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वेळ हाय अजून. करायचं तर करा चालू. आता मी नाय अडवनार."

मी बटणाकडे बघत बसलो. तो पुढे किती सोडेल ते मला कळत नव्हतं. समोर तोंड नव्हतं. आणि तोंड असतं तरी ते मेहुण्याचं असतं, सह्या करताना हसणारं, जे मी इतकी वर्षं नीट बघितलंच नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात अडीच मिनिटं होऊन गेली. मी बटण दाबलं नाही.

दिवाळीला मेहुणा आला. मला वाटलं होतं येणार नाही. चपला बाहेर काढल्या, नेहमीसारखा आत आला आणि पेढ्यांचा डबा कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवला. बायकोने पाणी दिलं.

"भावोजी, पुढच्या लिलावाचं पत्र येईल," तो म्हणाला. "वापीवाला आता भाव टाकनार नाय. तीन पार्टी लागतात. एक बघितली हाय मी. तुमी आपली नोंदनी राहू द्या. एक भाव टाका, जरा चढा. बाकी मी बघतो."

त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. तरी सवयीने तोंडातून निघून गेलं, "काय देणार?"

त्याने डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तुमी मला काय देत होतात?"

बायको आत निघून गेली. त्याने उठून मशीनचं झाकण काढलं, खिशातून खोडरबर काढला आणि मेमरीची पट्टी घासायला लागला. मी त्याला नको म्हणालो नाही. मेकॅनिक नुसता हात लावायचे पैसे घेतो.