उताराला म्होरं

आमचे व्याही भागूनाना जिना चढताना सगळ्यांच्या मागे असत आणि उतरताना सगळ्यांच्या पुढे. उस्मानपुऱ्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बिल्डरच्या कागदावर होती, इमारतीत आली नाही. निघायची वेळ झाली की ‘येतो इवाई’ म्हणत नाना चपला घालून आधी बाहेर पडत. आमची ही अजून डब्यात लाडू भरतेय, त्यांचा मुलगा अंकुश बुटाची नाडी बांधतोय, तोवर नाना चार पायऱ्या खाली जाऊन मान वळवून उभे. मला ते फार खटकायचं. वरपक्षाचा माणूस, पण रीतभात नाही, असं मी मनातल्या मनात म्हणायचो.

खरं तर रीतभातीबद्दल बोलायला मला तोंड नव्हतं. नाना पिशोरजवळचे, धनगर. चार एकर कोरडवाहू आणि शंभरेक मेंढरं. आमचं घराणं सिल्लोडकडचं, जमीनजुमला बाळगून असलेलं. माझ्या मुलीनं, मनीषानं, अंकुशचं नाव घेतलं तेव्हा नाना बोलणी करायला आमच्याकडे आले. त्यांना बाहेर बसवून मी आतल्या खोलीत भावाला म्हणालो, ‘मेंढरांच्या मागं हिंडणाऱ्याच्या घरात पोरगी द्यायची का?’ दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. बाहेर आलो तर नाना बशीत चहा ओतत होते. ‘चहा लई झ्याक झालाय,’ एवढंच म्हणाले. लग्न झालं, पण त्यांनी ते ऐकलं होतं का, हा घोर मला कायमचा लागला.

घोर लावून घेणं हा माझा धंदाच आहे म्हणा. गॅस बंद केला का ते बघायला मी कोपऱ्यावरून परत येतो. बायको म्हणते, तुम्हाला काळजी नसली की त्याचीच काळजी वाटते.

अंकुशला ऑस्ट्रियात नोकरी लागली. नात झाली तेव्हा आम्ही दोघं नवराबायको आणि नाना असे तिघं तिकडे गेलो. नानांची बायको पूर्वीच वारलेली. नात दोन महिन्यांची झाल्यावर एका रविवारी मनीषा बाळाला घेऊन घरी थांबली आणि अंकुश आम्हाला एक प्रसिद्ध डोंगर दाखवायला घेऊन गेला. त्या गावाचं नाव माझ्या जिभेला अजून वळत नाही. हिवाळ्यात तिथं बर्फावरची शर्यत होते. पायाला पट्ट्या बांधलेली पोरं अख्खा डोंगर दोनेक मिनिटांत उतरतात, आणि ते बघायला जग लोटतं. उन्हाळ्यात त्याच वाटेवर गवत असतं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी चरतात, आणि हौशी माणसं पायी उतरतात.

वर जायला तारेवरून लोंबकळणारी डबी होती. अर्ध्या वाटेत ती वाऱ्यानं हलली आणि मी दोन्ही हातांनी दांडा धरून डोळे मिटले. वर पोचताच मी जाहीर केलं, ‘मी पुन्हा त्यात बसणार नाही.’

अंकुश म्हणाला, ‘बाबा, पायी अडीच तास लागतील. मधला टप्पा फार उभा आहे. त्याला इकडे उंदराचा सापळा म्हणतात.’

मी डबीकडे बघितलं, दरीकडे बघितलं. इकडे आड, तिकडे विहीर. नाना मात्र कडेला जाऊन, डोळ्यांवर हात धरून उतार बघत होते. ‘घाटच हाय की. चला इवाई, मी हाय म्होरं.’ बायकोचे गुडघे दुखतात, म्हणून अंकुश तिला घेऊन डबीनं खाली गेला.

नाना सत्तरीचे, मी पासष्टचा. माझ्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्या आणि विम्याचा कागद, त्यांच्या हातात कुठूनशी उचललेली काठी. ते पुढे चालले. ‘टाच टेका. सरळ नका उतरू, आडवं चला. खाली बगू नका, माज्या पाठीकडं बगा.’ तासभर मी नुसती त्यांची पाठ बघितली. सदऱ्याच्या शिवणीत एक टाका उसवलेला होता, तो मला आजही दिसतो.

सापळा आला आणि ढगही आले. गवत ओलं झालं. कुठे पाय ठेवावा ते कळेना. माझा पाय सटकला आणि मी थेट नानांच्या पाठीवर. ते एका गुडघ्यावर खाली आदळले, पण काठी रोवून थांबले, आणि म्हणून मीही थांबलो. पुढे गवत संपून नुसतं धुकं होतं. मी तिथंच बसलो. ‘नाना, माझ्यानं होणार नाही. फोन करा कुणाला तरी. तुम्ही पुढं चालू नका हो, मी पडलो तर तुमच्या अंगावर पडेन.’

‘त्याच्यासाठीच तं म्होरं हाय,’ नाना म्हणाले.

माझ्याशेजारी बसून त्यांनी श्वास घेतला. ‘आमी कन्नडचा घाट उतरून खानदेशात जायचो, मेंढरं घेऊन. चढाला धनगर मागं. मागं पडलेलं कोकरू दिसाया पायजे. उताराला म्होरं. न्हाय तं एक बिचकलं की समदा कळप पळत सुटतो आन् एकावर एक कोसळतो. म्होरं माणूस दिसला की थांबतंय जित्राब.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तवा तुमी म्हणला व्हता, मेंढरांच्या मागं हिंडणारे. ते अर्धंच खरं हाय, इवाई.’

आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मी माफी मागितली. नीट जमली नाही, रडू आलं. ‘उठा,’ नाना म्हणाले. ‘पोरीला सांगून आलोय, तुज्या बापाला सुखरूप आणतो म्हणून.’

खाली पोचलो तेव्हा त्यांचा गुडघा सुजून टम्म झाला होता. मनीषाला मात्र ‘गार हवेनं धरलाय’ असं सांगून मोकळे झाले.

तीन वर्षांनी नानांचं हृदय थकलं. उपचारासाठी ते महिनाभर उस्मानपुऱ्यात आमच्याकडे राहिले. शेवटी डॉक्टरांनी मान हलवली आणि नाना म्हणाले, ‘मला पिशोरला न्या.’ अंकुश ऑस्ट्रियाहून निघाला होता, अजून वाटेत होता. खाली गाडी उभी. नाना सवयीनं आधी दाराबाहेर पडले आणि पहिल्याच पायरीवर धाप लागून थांबले. मी त्यांच्या बाजूनं अंग चोरून पुढे गेलो आणि एक पायरी खाली उभा राहिलो. ‘नाना, आज मी पुढं.’

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आठ दिवसांनी पिशोरला, अंकुशच्या मांडीवर डोकं ठेवून ते गेले. पण माझ्या लेखी निरोप त्या जिन्यातच झाला. दुसऱ्या मजल्यावर त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. आता दोघंही कोसळणार, असं वाटलं. मी टाच टेकली आणि मागं न बघता विचारलं, ‘नाना, भीती वाटतेय का?’

‘न्हाय,’ ते म्हणाले. ‘म्होरं माणूस हाय.’